शून्य रुग्ण: रोग गेला, की कुणी शोधलाच नाही?

नोंदवही (धागाकर्ता)

साथरोगांच्या नोंदी गोळा करण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटत आली असेल, तर शून्याची. एखाद्या भागातून दर आठवड्याला 'रुग्ण: ०' असा कागद येत राहतो. सगळ्यांना बरं वाटतं. पण तिथे रोग नाही म्हणून शून्य आलं, की तिथे कुणी बघायला गेलंच नाही म्हणून, हे त्या कागदावरून कळत नाही.

नायजेरियाचं उदाहरण घ्या. जुलै २०१४ नंतर तिथे नैसर्गिक (म्हणजे लसीतल्या विषाणूपासून न आलेल्या) पोलिओचा एकही रुग्ण सापडला नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून नायजेरियाचं नाव काढलं गेलं. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये बोर्नो राज्यात दोन मुलं लुळी पडल्याचं समोर आलं. त्यांच्यातल्या विषाणूची जनुकीय रचना तपासली, तर त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक त्याच राज्यात २०११ साली सापडलेला विषाणू निघाला. पोलिओच्या विषाणूत वर्षाला साधारण १ टक्का या गतीने बदल साठत जातात, त्यामुळे तो किती काळ नजरेआड फिरत होता याचा हिशोब मांडता येतो. म्हणजे जवळपास पाच वर्षं तो मुलांमध्ये फिरत होता. संघर्षामुळे त्या भागात ना लस देणारे पोचत होते, ना नोंदी घेणारे. शून्य कागदावर होतं, गावांत नव्हतं.

म्हणूनच पोलिओच्या पाळतीत पोलिओ शोधत नाहीत, अचानक आलेला लुळेपणा शोधतात. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही असो, कळवायचं. पोलिओ पूर्ण गेला तरी असा लुळेपणा थोडाफार होतच राहतो, मुख्यतः गुलियाँ-बारे नावाच्या आजारामुळे. एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी असा 'पोलिओ नसलेला' रुग्ण सापडलाच पाहिजे, असा निकष आहे. जोखमीच्या भागात दोन. तेवढेही सापडत नसतील, तर तुमची पाळत झोपलेली आहे आणि तुमच्या शून्याला किंमत नाही. गोवराला हेच लावतात: पुरळ-तापाचे पण तपासणीत गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असे निघालेले रुग्ण लाखामागे निदान दोन हवेत.

एकदा एका रुग्णालयातलं भरतीचं रजिस्टर मी चाळत होतो. तिथून सहा महिन्यांत लुळेपणाचा एकही रुग्ण कळवलेला नव्हता. रजिस्टरमध्ये मात्र एका ४ वर्षांच्या मुलापुढे 'दोन्ही पायांत शक्ती नाही, उभं राहता येत नाही' असं स्वच्छ लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, 'तो पोलिओ नव्हताच, म्हणून कळवला नाही.' त्यांचं निदान बहुधा बरोबर असेलही. पण शौचाचे दोन नमुने, २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यावे लागतात. ते दिवस कधीच उलटून गेले होते. त्या मुलाचा लुळेपणा कशाचा होता, हे आता खात्रीने कुणीच सांगू शकणार नव्हतं. मला ती ओळ अजून डोळ्यांसमोर दिसते.

हा झाला पाळतीचा भाग. लसीचा परिणाम कसा मोजतात यावर इथल्या जाणकारांनी लिहावं, म्हणून धागा काढतोय.

---

पहाटवारा

वाचनखूण साठवली. शून्याकडे या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

एक शंका मनापासून विचारतो. लस आली आणि रोग कमी झाला, असे आलेख आपण नेहमी बघतो. पण त्याच काळात स्वच्छ पाणी आलं, पोषण सुधारलं, घरातली गर्दी कमी झाली. मग श्रेय लसीचंच कशावरून?

---

पाटीपेन्सिल

शंका रास्त आहे. आलेख बघताना पहिला प्रश्न हाच यायला हवा. (मी संख्याशास्त्र शिकवते.)

गोवराने होणारे मृत्यू श्रीमंत देशांत लस येण्याआधीच खूप उतरले होते, हे खरं. पोषण आणि उपचार सुधारल्याने लागण झालेली मुलं वाचू लागली. पण लागण थांबली नव्हती. अमेरिकेत १९६३ साली लस आली, त्याआधी दरवर्षी सुमारे ५ लाख रुग्णांची नोंद व्हायची, आणि प्रत्यक्षात लागण ३० ते ४० लाखांना होत असावी असा अंदाज होता. मृत्यूचा आलेख आणि लागणीचा आलेख वेगवेगळा काढला, की पोषणाने काय केलं आणि लसीने काय, ते वेगळं दिसू लागतं.

याहून बोलका पुरावा म्हणजे लस थांबली तिथे काय झालं तो. जपानमध्ये १९७४ साली डांग्या खोकल्याची लस सुमारे ८० टक्के बाळांना मिळत होती. त्या वर्षी ३९३ रुग्ण, मृत्यू एकही नाही. लसीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातम्यांनी लोक घाबरले, आणि १९७६ पर्यंत लसीकरण १० टक्क्यांवर आलं. १९७९ साली १३,००० च्या वर रुग्ण झाले, ४१ मृत्यू झाले. त्या पाच वर्षांत जपानमधलं पाणी घाण झालं नव्हतं, मुलं उपाशीही नव्हती. बदलली ती एकच गोष्ट.

---

शेवंती

मी कधी प्रतिसाद देत नाही, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या मुलीला लस दिलेली असूनही गोवर झाला. वॉर्डात शेजारच्या खाटांवर होती त्यातल्याही बहुतेक मुलांना लस मिळालेली होती. तेव्हा एका नातेवाइकांनी ऐकवलं, 'बघ, लस घेतलेल्यांनाच होतोय.' मला काही उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मुलगी आता छान आहे. पण तो प्रश्न अजून मनात तसाच आहे.

---

पाटीपेन्सिल

शेवंतीताई, मुलगी बरी आहे हे वाचून बरं वाटलं. तुम्ही वॉर्डात जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त त्या दृश्यात अपूर्णांकाचा अंश दिसतो, छेद दिसत नाही. आकडे सोयीसाठी घेते, पण गणित खरं आहे.

समजा १,००० मुलं आहेत. ९५० जणांना लस मिळाली, ५० जणांना नाही. लस १०० पैकी ९० मुलांना वाचवते. साथ आली आणि सगळ्यांपर्यंत पोचली. लस नसलेली ५० च्या ५० आजारी पडतील. लस घेतलेल्या ९५० पैकी १० टक्के, म्हणजे ९५ आजारी पडतील. आता वॉर्डात जाऊन मोजा: १४५ खाटा, त्यातल्या ९५ लस घेतलेल्यांच्या. तीनात दोन! खाटा मोजणाऱ्याला वाटेल की लस कुचकामी आहे.

पण घरी राहिलेली मुलं मोजा. लस घेतलेल्यांत १०० मागे १० आजारी, न घेतलेल्यांत १०० मागे १००. दहा भागिले शंभर म्हणजे ०.१, ते एकातून वजा केलं की ०.९. लसीची परिणामकारकता ९० टक्के. या मोजणीचा गाभा एवढाच: दोन्ही गटांतलं लागणीचं प्रमाण काढायचं, भागाकार करायचा, एकातून वजा करायचा. गंमत अशी की लसीकरण १०० टक्क्यांकडे जाईल तसतशी वॉर्डातली लस घेतलेल्यांची टक्केवारीही १०० कडे जाते, भले एकूण रुग्ण मूठभरच उरोत. ज्या ८५५ मुलांना काही झालं नाही, ती वॉर्डात नव्हती, ताई. म्हणून ती तुम्हाला दिसली नाहीत.

---

वाटसरू

बालरोगतज्ज्ञ आहे, एक भर घालतो. शेवंतीताई, मुलीचा एकच डोस झाला होता का? नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस साधारण ८५ टक्के बाळांत लागू पडते, वर्षाच्या सुमारास दिली तर ९५ च्या आसपास. कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) बाळाच्या रक्तात तोवर उरलेली असतात, आणि ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. मग नवव्या महिन्यात देतात कशाला? तर जिथे गोवर जोरात आहे तिथे वर्षभर थांबणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं. दुसरा डोस हा पहिल्याला दिलेला जोर नव्हे, पहिल्या वेळी लागू न पडलेल्या बाळांसाठी ती दुसरी संधी आहे. पालकांना हे कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि मग 'एक झालाय ना' म्हणून दुसरा राहून जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

---

शेवंती

एकच झाला होता. दुसऱ्याच्या वेळी तिला ताप होता, मग राहिला तो राहिलाच.

८५५ चा आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. दोघांचे आभार.

---

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तिकडची बाजू.

कार्डावर लस लिहिलेली असणं आणि रक्तात संरक्षण असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. शीतसाखळी (लस थंड ठेवण्याची व्यवस्था) कुठे तुटली असेल तर कार्ड भरलेलं आणि रक्त कोरं, असं होऊ शकतं. म्हणून रक्तातली प्रतिपिंडं तपासतात. पण प्रत्येक रोगाचं रक्त वेगळी भाषा बोलतं. धनुर्वाताचा रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण त्या जंतूचं विष इतकं जहाल की रोग व्हायला पुरेल तेवढं विष शरीराला धडा शिकवायला पुरत नाही. त्यामुळे रक्तात धनुर्वाताची प्रतिपिंडं सापडली की ती लसीचीच, दुसरं काही असूच शकत नाही. लसीकरणाची व्याप्ती तपासायला याहून प्रामाणिक साक्षीदार नाही. हेपटायटिस बी मध्येही फरक करता येतो: लसीत विषाणूच्या फक्त बाहेरच्या आवरणातलं प्रथिन असतं, म्हणून आतल्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसली तर खरी लागण होऊन गेलेली. गोवराचं मात्र तसं नाही. प्रतिपिंडं लसीमुळे आली की रोगामुळे, हे नेहमीच्या रक्ततपासणीत कळत नाही.

धाग्याच्या मूळ प्रश्नावरही सांगते. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० मुलांमागे एक लुळं पडतं. म्हणजे लुळी मुलं शोधून तुम्ही टोकच बघता. म्हणून सांडपाणी तपासतात. इस्रायलमध्ये २०१३ साली रहात शहराच्या सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओ सापडला आणि मग दक्षिणेकडे बऱ्याच ठिकाणी सापडला. लुळं मूल एकही नाही! तिथे २००५ पासून फक्त टोचायची लस दिली जात होती. ती मुलाला लुळेपणापासून वाचवते, पण आतड्यात विषाणू वाढायचं थांबवायला ती कमी पडते. मुलं सुरक्षित, विषाणूही मजेत फिरतोय. त्यांनी पुन्हा तोंडावाटे द्यायचे थेंब आणले आणि फिरणं थांबवलं. सांडपाणी कुणी पाहिलं नसतं, तर हे कळलंच नसतं.

---

पहाटवारा

हे वाचून डोकं भणाणलं. म्हणजे 'लस काम करते का' हा एक प्रश्नच नाही. रोगापासून वाचवते का, लागण थांबवते का, पुढे पसरणं थांबवते का, हे तीन प्रश्न.

---

वाटसरू

+१. आणि चौथाही आहे: रोग कोणत्या वयाकडे सरकवते?

ग्रीसमध्ये रुबेलाची लस १९७५ च्या सुमारास लहान मुलांना द्यायला सुरुवात झाली, पण सगळ्यांपर्यंत नेण्याचं धोरण नव्हतं. १९८०च्या दशकात ती निम्म्याहून कमी मुलांना मिळत राहिली. तेवढ्याने रोग संपला नाही, फक्त मंदावला. लहानपणी होऊन जायचा तो काहींना आता तरुण वयात होऊ लागला. रुबेला मुलांत किरकोळ असतो, पण गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांना कायमची इजा होऊ शकते. १९९३ साली तिथे साथ आली आणि जन्मजात रुबेलाची २५ बाळं नोंदली गेली. फक्त एकूण रुग्ण मोजत बसलं असतं, तर लस चांगलं काम करतेय असंच वाटत राहिलं असतं. रुग्णाचं सरासरी वय बघितलं असतं तर घंटा वाजली असती. अर्धवट दिलेली लस कधीकधी न दिलेल्या लसीपेक्षा वाईट ठरते, ती अशी. लस दोषी नव्हती, ती अर्ध्यावर सोडणं दोषी होतं.

---

नोंदवही

वाटसरू, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. याच्या उलटही होतं, म्हणजे लसीचा फायदा न घेतलेल्यांच्या आकड्यांत दिसतो. अमेरिकेत २००० साली न्यूमोकॉकसची (न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या जंतूची) लस बाळांना सुरू झाली. बाळांतला गंभीर आजार घटला, ते अपेक्षितच होतं. पण ज्यांना लस दिलेलीच नव्हती अशा म्हाताऱ्यांतही तो घटला, कारण जंतू बाळांच्या नाका-घशात मुक्कामाला असतो आणि तिथून आजी-आजोबांकडे जातो. मुक्कामच मोडला. फक्त लस घेतलेल्यांकडे बघणाऱ्या अभ्यासात हे आजोबा हिशोबातच येत नाहीत.

मात्र त्या लसीत जंतूच्या ९० हून अधिक प्रकारांपैकी सातच होते. रिकाम्या झालेल्या जागेत १९ए नावाचा प्रकार वाढू लागला. पाळत चालू होती म्हणून दिसला, आणि २०१० साली आलेल्या १३ प्रकारांच्या लसीत तो घेतला गेला. लस दिली आणि मोजणं थांबवलं, असं चालत नाही ते यासाठी.

---

पहाटवारा

पाटीपेन्सिल, अजून एक. लस घेणारे लोक मुळातच तब्येतीला जपणारे असतील तर? मग ते कमी आजारी पडले यात लसीचं काय?

---

पाटीपेन्सिल

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धांचे मृत्यू फ्लूच्या हंगामाआधी, हंगामात आणि नंतर असे वेगळे मोजले. न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांत मृत्यू सगळ्यात कमी दिसले ते हंगाम सुरू होण्याआधी! तेव्हा फ्लू नव्हताच, म्हणजे तो फरक लसीचा असूच शकत नाही. जे मरणाच्या दारात होते ते लस घ्यायला गेलेच नव्हते. आधीच्या बऱ्याच अभ्यासांत लसीचा फायदा फुगून दिसत होता, तो यामुळे.

यावर एक युक्ती वापरतात. खोकला-ताप घेऊन दवाखान्यात आलेल्या सगळ्यांची तपासणी करायची. काहींना फ्लू निघेल, काहींना दुसरंच काही. दोन्ही गट दवाखान्यात येणारेच, म्हणजे तब्येतीची काळजी साधारण सारखी. आता लस किती जणांनी घेतली ते बघायचं. समजा फ्लू निघालेल्या २०० पैकी ६० जणांनी घेतली होती, न निघालेल्या २०० पैकी १२० जणांनी. पहिल्या गटात घेतलेले आणि न घेतलेले यांचं गुणोत्तर ६० ला १४०, दुसऱ्यात १२० ला ८०. भागाकार ०.२९ च्या आसपास, म्हणजे परिणामकारकता ७१ टक्के. (आकडे इथेही कल्पित.) ही पद्धत निर्दोष नाही, पण तुमच्या शंकेचं बरंचसं उत्तर देते.

अवांतर: लसीचे दुष्परिणामही याच यंत्रणेने पकडले जातात, हे लोकांना कळायला हवं. रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची) पहिली लस ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. काही महिन्यांत, आतड्यात आतडं अडकल्याच्या १५ नोंदी आल्या. तपास झाला, सुमारे १० हजार बाळांमागे एक असा धोका निघाला, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये लस मागे घेतली. नंतरच्या दोन लसींच्या चाचण्या प्रत्येकी ६० हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, त्या याच धड्यामुळे. ज्यांना लसीची भीती वाटते त्यांना मी हीच गोष्ट सांगते, लपवत नाही.

---

शेवंती

ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर माझा विश्वास वाढलाच असता.

---

पहाटवारा

नोंदवही, शेवटी परत तुमच्या शून्याकडे येतो. देवीचा रोग जगातून गेला असं म्हणतात. तिथल्या शून्यावर सही कुणी केली, आणि कशाच्या भरवशावर?

---

नोंदवही

शेवटचा नैसर्गिक रुग्ण सोमालियातल्या मेर्का शहरात ऑक्टोबर १९७७ मध्ये सापडला. अली माओ मालिन, रुग्णालयातला स्वयंपाकी. गंमत बघा, त्याच्यावर आधी मलेरियाचे आणि मग कांजिण्यांचे उपचार झाले होते. म्हणजे जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्णसुद्धा निसटता निसटता सापडला. तो वाचला, आणि पुढच्या आयुष्यात पोलिओच्या लसीसाठी लोकांना समजावत फिरला. २०१३ साली वारला, तेव्हाही तो त्याच मोहिमेत होता.

त्यानंतर लगेच कुणी सही केली नाही. दोन वर्षं वाट पाहिली. १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा खरा रुग्ण कळवणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. अफवा येत राहिल्या, माणसं प्रत्येक ठिकाणी जाऊन बघत राहिली, बहुतेक कांजिण्याच निघाल्या. तज्ज्ञांच्या आयोगाने डिसेंबर १९७९ मध्ये सही केली, आणि ८ मे १९८० रोजी जाहीर झालं.

पण आयोगाने फक्त कागद पाहिले नाहीत. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो, ते मला या कामात पडल्यावर फार वेगळ्या अर्थाने आठवलं. देवीतून वाचलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर वण राहतात, आणि ते जात नाहीत. म्हणून तपासणारी पथकं शाळांत, बाजारांत, पाड्यांवर जाऊन मुलांचे चेहरे बघत. दंडावर लसीचा वण आहे का ते बघत, आणि चेहऱ्यावर देवीचे आहेत का ते. मग वण असलेल्या मुलांतलं सगळ्यात लहान मूल शोधायचे आणि त्याचं वय विचारायचे. त्या भागातून रोग कुठल्या साली गेला, ते त्या वयावरून ताडता यायचं, तिथल्या नोंदी कुणी ठेवल्या असोत वा नसोत.